रम कॉकटेलमधील फळांची सिरपे

रम कॉकटेलमधील फळांची सिरपे म्हणजे फळांचा रस किंवा गर आणि साखर यांपासून बनविलेले दाट द्रव होत. रम, आंबट रस आणि बर्फ यांच्या मिश्रणात गोडी, गंध, रंग आणि काही प्रमाणात आंबटपणा आणण्यासाठी त्यांचा वापर होतो. डाळिंबापासून बनणारे ग्रेनाडिन, पॅशन फ्रूटचे सिरप, अननसाचे सिरप आणि रास्पबेरीचे सिरप ही त्यांपैकी प्रमुख आहेत. बदामाचे ऑर्जा आणि लिंबू-लवंगांचे फालर्नम ही पूर्णतः फळांची सिरपे नसली, तरी कॅरिबियन व पॉलिनेशियन धर्तीच्या कॉकटेलांत ती याच सिरपांच्या जोडीने वापरली जातात.

या सिरपांची तुलना करताना केवळ रंग किंवा नाव पाहणे पुरेसे ठरत नाही. एकाच नावाच्या दोन बाटल्यांत साखरेचे प्रमाण, आम्लता आणि प्रत्यक्ष फळाचा अंश यांत मोठी तफावत असू शकते. जुन्या पाककृतीत लिहिलेले माप आजच्या बाटलीला जसेच्या तसे लागू केल्यास पेयाचा तोल बिघडतो, याचे हे मुख्य कारण आहे.

व्युत्पत्ती आणि संज्ञा

'सिरप' हा शब्द अरबी भाषेतील 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून निघालेल्या शब्दावरून मध्ययुगीन लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मराठीतील 'सरबत' आणि 'शराब' हे शब्दही त्याच अरबी धातूपासून फारसीमार्गे आलेले आहेत. त्यामुळे सिरप, सरबत आणि शराब हे तिन्ही शब्द मुळात एकाच कुळातील आहेत. मराठीत 'सरबत' हा शब्द पाणी घालून तयार केलेल्या पेयासाठी आणि बाटलीतील दाट अर्कासाठीही वापरला जातो. या लेखात बाटलीतील दाट द्रवाला 'सिरप' आणि केवळ साखर व पाणी यांच्या द्रावणाला 'पाक' असे म्हटले आहे.

'ग्रेनाडिन' हे नाव डाळिंब या अर्थाच्या 'ग्रनाद' या फ्रेंच शब्दावरून आले आहे. 'ऑर्जा' हे नाव सातू या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले असून मुळात ते सातूच्या पाण्याचे नाव होते. पुढे त्यात बदाम आला, सातू मागे पडला आणि नाव तेवढे शिल्लक राहिले.

कॉकटेलपेक्षा जुन्या असलेल्या 'पंच' या पेयाचे नाव 'पाच' या अर्थाच्या भारतीय शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे त्याचे पाच घटक होत. इ.स. १६३२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात या पेयाचा उल्लेख आढळतो. सतराव्या शतकात मुंबई व पश्चिम किनाऱ्यावर राहिलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या नावाचा संबंध पाच या संख्येशी जोडला आहे.

इतिहास

कॅरिबियन बेटांवर उसाची लागवड आणि साखर कारखानदारी वाढली, तसे मळीपासून रम बनविणे सुरू झाले. रम, लिंबू आणि साखर हे तिन्ही पदार्थ तेथे जवळच उपलब्ध असल्याने त्यांचे मिश्रण तेथील पेयांचा पाया बनले. जमैकातील 'प्लांटर्स पंच' आणि क्यूबातील 'डाइकिरी' ही या पायावरची सर्वांत ओळखीची पेये होत. डाइकिरीत रम, लिंबाचा रस आणि साखर एवढेच घटक असल्याने इतर सिरपे काय भर घालतात हे समजून घेण्यासाठी ती सोयीची कसोटी ठरते.

फळाच्या सिरपाचा रममधील वापर विसाव्या शतकापूर्वीचा आहे. अमेरिकन बारटेंडर जेरी थॉमस याच्या १८६२ मधील पुस्तकात 'निकरबॉकर' नावाचे पेय दिले आहे. त्यात सांता क्रूझ बेटावरील रम, लिंबू, रास्पबेरीचे सिरप आणि थोडे कुरासाओ (संत्र्याच्या सालीचे मद्य) असे घटक आहेत. रम, लिंबू, फळाचे सिरप आणि संत्र्याचा गंध ही रचना पुढील शतकातील अनेक पेयांत पुन्हा दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रेनाडिनचा प्रसार झाला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात मद्यबंदी होती. त्या वर्षांत अनेक अमेरिकन ग्राहक हवानाकडे वळले. रम, अननसाचा रस, ग्रेनाडिन आणि मारास्किनो यांचे 'मेरी पिकफोर्ड' हे पेय त्याच काळातील असून त्याला मूकपटांच्या प्रसिद्ध अभिनेत्रीचे नाव दिले आहे. 'एल प्रेसिदेंते' या क्यूबन पेयातही चमचाभर ग्रेनाडिन घालण्याची पद्धत आहे.

मद्यबंदी उठल्यानंतर अर्नेस्ट गँट याने हॉलिवूडमध्ये 'डॉन द बीचकोंबर' हा बार सुरू केला. त्याच सुमारास, १९३४ मध्ये, व्हिक्टर बर्जरॉन याने ओकलंड येथे काढलेले उपाहारगृह पुढे 'ट्रेडर व्हिक्स' या नावाने प्रसिद्ध झाले. पॉलिनेशियन सजावट आणि कॅरिबियन रम यांची सांगड घालणारी ही परंपरा 'टिकी' या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत तिचा मोठा प्रसार झाला. १९७० च्या दशकात मात्र ताज्या रसांऐवजी तयार मिश्रणे आणि कृत्रिम रंगांची सिरपे सर्रास वापरली जाऊ लागली आणि या पेयांची प्रतिष्ठा घसरली. १९९० नंतर जेफ बेरी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळ पाककृती शोधून प्रसिद्ध केल्या, त्यामुळे जुन्या सिरपांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

सिरपाचे कार्य

साखर

सिरपाची दाटी 'ब्रिक्स' या अंशात मोजतात. शंभर ग्रॅम द्रावणात जितके ग्रॅम साखर, तितके अंश ब्रिक्स. साखर आणि पाणी समान वजनाने घेतल्यास ५० अंशांचा पाक तयार होतो. साखर पाण्याच्या दुप्पट घेतल्यास तो सुमारे ६६ ते ६७ अंशांचा होतो. खोलीच्या तापमानाला पाण्यात याहून फार अधिक साखर विरघळून राहत नाही. मिठाईसाठी करतात तो एकतारी पाक याहून दाट असल्याने थंड झाल्यावर त्यात साखरेचे खडे धरतात, म्हणून तो कॉकटेलसाठी चालत नाही.

हा फरक पेल्यात स्पष्ट जाणवतो. समभाग पाकाच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १८.५ ग्रॅम साखर असते, तर दुप्पट साखरेच्या पाकाच्या तेवढ्याच मापात सुमारे २६ ग्रॅम. म्हणजे पाककृतीत समभाग पाक ३० मिलिलिटर सांगितला असेल, तर दुप्पट साखरेचा पाक सुमारे २१ मिलिलिटर पुरतो.

पाण्याऐवजी फळांचा रस घेतल्यास हिशेब आणखी बदलतो, कारण रसातही साखर असते. डाळिंबाच्या रसात सुमारे १५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असतात. असा रस व साखर समान वजनाने घेऊन केलेले ग्रेनाडिन ५० अंशांचे न होता सुमारे ५७ अंशांचे होते आणि त्याच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे २२ ग्रॅम साखर येते.

आम्ल

कागदी लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल असते. पॅशन फ्रूटच्या रसात ते जातीनुसार २ ते ४ टक्के, डाळिंबाच्या रसात एक-दीड टक्क्याच्या आसपास आणि अननसाच्या रसात बहुधा एक टक्क्याहून कमी असते. खऱ्या पॅशन फ्रूटचे सिरप म्हणूनच गोडीबरोबर आंबटपणाही आणते. केवळ सुगंधी अर्क घातलेल्या सिरपात हे आम्ल नसेल, तर तेच माप वापरूनही पेय मचूळ आणि अतिगोड लागते. अशा वेळी लिंबाचा रस वाढवावा लागतो किंवा सिरप कमी करावे लागते.

गंध

फळांचा गंध हा बाष्पनशील संयुगांमुळे येतो आणि उकळताना तो मोठ्या प्रमाणावर उडून जातो. अननसाच्या गंधात एथिल ब्युटिरेटसारख्या एस्टर वर्गातील संयुगांचा वाटा असतो. दीर्घ काळ आंबविलेल्या जमैकन रममध्येही याच वर्गातील संयुगे भरपूर असतात. अननस आणि जमैकन रम एकमेकांना पूरक ठरतात त्याचे हे एक कारण आहे.

रंग

डाळिंब आणि रास्पबेरी यांचा लाल रंग अँथोसायनिन या वनस्पतिज रंगद्रव्यांमुळे येतो. आम्लयुक्त द्रावणात तो लाल राहतो, परंतु उष्णता, प्रकाश व दीर्घ साठवण यांमुळे तपकिरी होत जातो. अनेक महिने उघड्यावर ठेवूनही भडक लाल राहणाऱ्या ग्रेनाडिनमध्ये बहुधा कृत्रिम रंग असतो.

याशिवाय बर्फाचाही विचार करावा लागतो. थंड पदार्थाची गोडी आणि गंध जिभेला व नाकाला कमी जाणवतात. बारीक बर्फावर दिल्या जाणाऱ्या पेयांत सिरपाचे प्रमाण अधिक दिसते ते यामुळेच. तेच मिश्रण बर्फाविना चाखल्यास असह्य गोड वाटू शकते.

प्रमुख सिरपे

ग्रेनाडिन

चांगल्या ग्रेनाडिनमध्ये डाळिंबाचा आंबटगोड रस आणि त्याचा किंचित तुरटपणा असतो. या तुरटपणामुळे ते साध्या पाकापेक्षा वेगळे ठरते आणि रमचा उग्रपणा सौम्य करते. काही कृतींत संत्र्याच्या फुलांचे अर्कजल थेंबभर घालतात. फ्रान्समध्ये ग्रेनाडिन या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक सिरपांत डाळिंबाऐवजी इतर लाल फळांचा रस असतो. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकली जाणारी काही ग्रेनाडिने मक्याचा पाक, सायट्रिक आम्ल, कृत्रिम स्वाद आणि लाल रंग यांपासून बनतात.

रम, लिंबू आणि ग्रेनाडिन यांच्या 'बकार्डी कॉकटेल'मध्ये ग्रेनाडिन हा मुख्य गोड घटक आहे. या पेयाबाबत न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९३६ मध्ये असा निर्णय दिला की, या नावाने दिलेल्या पेयात बकार्डी कंपनीचीच रम असली पाहिजे. नाव आणि घटक यांचे नाते रमपुरते असे निश्चित झाले. त्यातील ग्रेनाडिन डाळिंबाचे असावे की नाही, हा त्या वादाचा विषय नव्हता.

पॅशन फ्रूटचे सिरप

पॅशन फ्रूट हे कृष्णकमळाच्या कुळातील दक्षिण अमेरिकी वेलीचे फळ आहे. हवाईत त्याला 'लिलिकोई' आणि ब्राझीलमध्ये 'माराकुजा' म्हणतात. तीव्र आंबटपणा आणि दूरवर दरवळणारा गंध ही त्याची वैशिष्ट्ये होत. सिरप करताना गर फार वेळ न उकळता कोमट पाकात मिसळून गाळून घेतात.

या सिरपाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यू ऑर्लिन्समधील 'पॅट ओब्रायन्स' या बारमध्ये १९४० च्या दशकात रूढ झालेले 'हरिकेन'. युद्धकाळात व्हिस्कीचा तुटवडा होता आणि विक्रेते व्हिस्कीबरोबर रमच्या अनेक पेट्या घेण्यास भाग पाडत, त्यामुळे साठलेली रम खपविण्यासाठी हे पेय निघाले, असे सांगितले जाते. वादळी कंदिलाच्या काचेसारख्या आकाराच्या पेल्यावरून त्याला नाव मिळाले. त्याची साधी रचना गडद रम ६० मिलिलिटर, पिवळ्या लेमनचा रस ३० मिलिलिटर आणि पॅशन फ्रूटचे सिरप ३० मिलिलिटर अशी आहे. यात दुसरा कोणताही गोड घटक नसल्याने सिरपाचा दर्जा लपत नाही. पुढे या नावाने अनेक ठिकाणी तयार लाल मिश्रणातून बनविलेले पेय दिले जाऊ लागले आणि हरिकेन म्हणजे लाल पेय असा समज पसरला. केवळ पॅशन फ्रूटच्या सिरपाने केलेल्या हरिकेनचा रंग लाल नसून पिवळसर तपकिरी असतो.

'फॅशनोला' नावाचे एक सिरपही या परंपरेत आढळते. पॅशन फ्रूट आणि इतर फळे यांच्या मिश्रणाचे हे सिरप लाल, हिरव्या व सोनेरी अशा प्रकारांत मिळत असे. आज या नावाने निघणारी सिरपे निरनिराळ्या कृतींची असल्याने ती एकमेकांच्या बदली वापरता येतीलच असे नाही.

अननसाचे सिरप

अननसाचे सिरप आम्लतेने सौम्य असल्याने लिंबाची जागा घेऊ शकत नाही. गोडी आणि गंध हेच त्याचे काम. अननसाच्या फोडी गार पाकात काही तास भिजवून गाळण्याची पद्धत चांगली मानली जाते. उकळल्यास त्याला डबाबंद अननसाची चव येते. एकोणिसाव्या शतकातील कृतींत त्यात बाभळीच्या वर्गातील झाडाचा डिंक विरघळवीत. डिंकामुळे पेयाला रेशमी दाटपणा येतो आणि साखरेचे खडे धरत नाहीत.

अननसाचे सिरप आणि अननसाचा रस हे परस्परांचे पर्याय नव्हेत. क्वालालंपूरमध्ये १९७० च्या दशकात निर्माण झालेल्या 'जंगल बर्ड' या पेयात कॅम्पारीचा कडवटपणा झाकण्यासाठी अननसाचा ताजा रस भरपूर लागतो. हलविल्यावर या रसाचा फेस येतो, तो सिरपाने मिळत नाही.

रास्पबेरीचे सिरप

रास्पबेरीचे सिरप ग्रेनाडिनपेक्षा अधिक सुवासिक आणि कमी तुरट असते. लाल रंगामुळे अनेक जुन्या पुस्तकांत ही दोन सिरपे एकमेकांच्या जागी सुचविलेली आढळतात. परंतु निकरबॉकरमध्ये ग्रेनाडिन घातल्यास पेयाचा फुलासारखा वास जातो, तर बकार्डी कॉकटेलमध्ये रास्पबेरी घातल्यास त्याचा कोरडा तुरटपणा हरवतो.

फालर्नम आणि ऑर्जा

फालर्नम हे बार्बाडोस बेटावरील सिरप असून त्यात लिंबाची साल, लवंग, बदाम आणि बहुधा आले असते. त्याची दोन रूपे आहेत. एक मद्यार्करहित सिरप आणि दुसरे सौम्य मद्य. बार्बाडोसच्या जॉन डी. टेलर या नावाशी जोडलेल्या प्रसिद्ध फालर्नममध्ये ११ टक्के मद्यार्क असतो.

ऑर्जामध्ये बदामाचे दूध, साखर आणि संत्र्याच्या किंवा गुलाबाच्या फुलांचे अर्कजल असते. बर्जरॉन याने १९४४ मध्ये तयार केलेल्या 'माय ताय' या पेयात जमैकाची १७ वर्षे मुरलेली रम, एका लिंबाचा रस, १५ मिलिलिटर कुरासाओ, १५ मिलिलिटर ऑर्जा आणि साडेसात मिलिलिटर साखरेचा पाक होता. या कृतीत अननस किंवा ग्रेनाडिन नाही. हवाईतील हॉटेलांत १९५० च्या दशकात ते पोहोचल्यानंतर त्यात अननसाचा रस आला आणि पुढे लाल सिरपही घातले जाऊ लागले. आज अनेकांना ओळखीचा असलेला माय ताय हा मूळ पेयाचा असा बदललेला अवतार आहे.

तुलना

ग्रेनाडिन : मध्यम आंबट, किंचित तुरट, गडद लाल. थोड्या मापानेही रंग येतो. बकार्डी कॉकटेल, मेरी पिकफोर्ड.

पॅशन फ्रूट : सर्वाधिक आंबट, तीव्र गंध, पिवळसर केशरी. मोठे माप सहन होते. हरिकेन.

अननस : सौम्य आंबट, फलगंध प्रबळ, फिकट पिवळे. जमैकन रमला विशेष पूरक.

रास्पबेरी : मध्यम आंबट, सुवासिक, लाल. निकरबॉकर.

फालर्नम : मसालेदार, लिंबाच्या सालीचा गंध, फिकट. अल्प मापात वापर. झोंबी.

ऑर्जा : आंबटपणा नाही, बदामाची स्निग्धता, दुधाळ. माय ताय.

नाव आणि घटक यांतील अंतर

सिरपाचे नाव टिकले आणि घटक हरवले, तर पाककृती हाती असूनही पेय बनविता येत नाही. डॉन द बीचकोंबरचे 'झोंबी' हे पेय याचे ठळक उदाहरण आहे. त्यात तीन प्रकारच्या रम एकत्र येतात. ते इतके तीव्र होते की, एका ग्राहकाला दोनहून अधिक पेले न देण्याचा नियम होता. प्रतिस्पर्ध्यांनी कृती चोरू नये म्हणून गँटच्या बारमधील सिरपांच्या बाटल्यांवर घटकांऐवजी सांकेतिक नावे आणि क्रमांक असत. बारमध्ये काम करणाऱ्यांनाही बाटलीत काय आहे हे ठाऊक नसे.

जेफ बेरी यांना १९३० च्या दशकातील झोंबीची कृती एका जुन्या कर्मचाऱ्याच्या वहीत सापडली, परंतु तीत 'डॉन्स मिक्स' एवढेच लिहिलेले होते. अनेक वर्षांच्या चौकशीनंतर हे मिश्रण म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचे सिरप असल्याचे उघड झाले. दरम्यानच्या दशकांत झोंबीच्या नावाखाली निरनिराळ्या फळांच्या रसांची मिश्रणे जगभर दिली जात होती. मूळ कृतीत ग्रेनाडिन केवळ चहाचा चमचाभर आहे.

ग्रेनाडिनच्या बाबतीत हे अंतर गुप्ततेमुळे पडले नाही. तेथे स्वस्त घटकांनी फळाची जागा हळूहळू घेतली. परिणाम मात्र सारखाच झाला. डाळिंबाची चव माहीत नसलेल्या ग्राहकांच्या दृष्टीने 'ग्रेनाडिन' म्हणजे लाल गोडवा एवढाच अर्थ उरला.

भारतात या बाबतीत नियम आहेत. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांनुसार 'फ्रूट सिरप' किंवा फळांचे 'सरबत' यात किमान २५ टक्के फळांचा रस आणि किमान ६५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असावे लागतात. फळांचा अंश तेवढाच ठेवून 'क्रश'साठी घन पदार्थांची मर्यादा ५५ टक्के आणि 'स्क्वॅश'साठी ४० टक्के आहे. दाटीच्या दृष्टीने क्रश हा घरगुती ग्रेनाडिनच्या जवळचा आहे. स्क्वॅशच्या ३० मिलिलिटरमध्ये मात्र जेमतेम १४ ग्रॅम साखर येते, त्यामुळे सिरपाच्या जागी तो समान मापाने वापरल्यास पेय पाणचट होते. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. त्यात फळाचे नाव कितव्या स्थानी आहे हे पाहिल्यास सिरपाची कल्पना येते.

घरगुती निर्मिती आणि टिकवण

ग्रेनाडिनसाठी डाळिंबाचे दाणे बिया न चिरडता दाबून रस काढतात, कारण बिया व पांढरा पापुद्रा चिरडल्यास कडवटपणा उतरतो. रसाच्या वजनाइतकी साखर घालून ती विरघळेपर्यंतच कोमट करतात. रस आटवून केलेले सिरप अधिक दाट होते, पण त्याचा ताजेपणा जातो आणि रंग तपकिरी छटेकडे झुकतो.

साखरेचे प्रमाण जितके अधिक, तितके सिरप टिकाऊ. पन्नास अंशांच्या आसपासचे सिरप शीतकपाटात काही आठवडेच राहते आणि त्यावर बुरशी येऊ शकते. पासष्ट अंशांवरील सिरप बरेच अधिक टिकते. व्यावसायिक उत्पादनात परिरक्षकांचाही उपयोग होतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लिंबू व अननस यांसारख्या फिकट रसांसाठी चालते, पण ते अँथोसायनिनचा रंग उडविते. म्हणून डाळिंब, जांभूळ, स्ट्रॉबेरी यांच्या सिरपांत सोडियम बेन्झोएट वापरतात.

महाराष्ट्र आणि गोवा येथील संदर्भ

या सिरपांना लागणारी काही फळे महाराष्ट्रात मुबलक पिकतात. डाळिंबाच्या उत्पादनात महाराष्ट्र देशात अग्रेसर असून सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. 'भगवा' या वाणाचे दाणे गडद लाल असल्याने त्याच्या रसाला ग्रेनाडिनचा अपेक्षित रंग येतो. 'गणेश' या वाणाचे दाणे फिकट गुलाबी असल्याने त्याचे सिरप चवीला चांगले, पण रंगाने फिके होते.

कॅरिबियन बेटांवरील लहान लिंबू आणि महाराष्ट्रातील कागदी लिंबू ही एकाच जातीची फळे आहेत. युरोप-अमेरिकेच्या बाजारात सहसा मिळणारे मोठे, बिनबियांचे 'पर्शियन' लिंबू वेगळ्या जातीचे आहे. जुन्या कॅरिबियन कृतींना अपेक्षित असलेला तीव्र आंबटपणा आणि सालीचा वास कागदी लिंबातून अधिक जवळून मिळतो.

कोकणात व गोव्यात होणारे 'अमृत कोकम' हे रचनेच्या दृष्टीने याच वर्गातील सिरप आहे. कोकमफळांच्या सालींत साखरेचे थर देऊन, न उकळता, सुटलेला रस गोळा करतात. त्याचा लाल रंगही अँथोसायनिनमुळेच येतो. मीठ घातलेला 'आगळ' सोलकढीसाठी वापरतात, तो गोड नसल्याने सिरपाची जागा घेऊ शकत नाही. अलीकडे गोवा आणि मुंबई येथील बारमध्ये रम व फेणी यांच्याबरोबर कोकमाचा उपयोग दिसतो.

मद्यविरहित उपयोग आणि दक्षता

ही सर्व सिरपे लिंबाचा रस व सोडा यांच्याबरोबर मद्याविना वापरता येतात. जिंजर एल आणि ग्रेनाडिन यांचे 'शर्ली टेंपल' हे असे सर्वांत प्रसिद्ध मद्यविरहित पेय आहे. फालर्नमच्या मद्ययुक्त प्रकारात मद्यार्क असल्याने अशा पेयांसाठी तो टाळावा लागतो. ऑर्जा व फालर्नम यांत बदाम असल्याने कवचफळांची अॅलर्जी असलेल्यांना ती अपायकारक ठरू शकतात. गोड सिरपांमुळे मद्याची तीव्रता जिभेला जाणवत नाही, त्यामुळे अशा पेयांतून नकळत अधिक मद्य घेतले जाण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात रमसारखे तीव्र मद्य घेण्यासाठी किमान वय २५ वर्षे, तर गोव्यात २१ वर्षे आहे.

हे सुद्धा पहा

रम
डाळिंब
कोकम
सरबत
कृष्णकमळ
फेणी